उत्तर मशीनचं, सही आपली?



गेल्या महिन्यात एका ग्रामसंघाची बैठक संपली. चहा झाला, सगळ्या जणी घराकडे निघाल्या, पण एक ताई मागेच रेंगाळल्या. पिशवीतून वही काढून म्हणाल्या, "मॅडम, जरा बघता का? यात काय चुकलंय तेच मला कळंना."

या ताई बारा वर्षं गटाच्या सचिव आहेत. दहावी झाल्यावर लग्न झालं. मुलं मोठी झाल्यावर बारावी केली आणि आता मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतायत, दुसरं वर्ष आहे. वहीत त्यांचा गृहपाठ होता. प्रश्न असा: 'ग्रामीण महिलांच्या सक्षमीकरणात बचत गटांची भूमिका स्पष्ट करा.' उत्तर चार पानांचं, अक्षर मोत्यासारखं. आणि शेवटी लाल शाईत अभ्यास केंद्रावरच्या मॅडमचा शेरा: 'हे तुमचे उत्तर नाही. पुन्हा लिहा.'

मी चारही पानं वाचली. शुद्धलेखनाची चूक नव्हती. वाक्यं मोठमोठी होती. 'बचत गट हे महिलांच्या सर्वांगीण विकासाचे प्रभावी माध्यम आहे', 'आर्थिक स्वावलंबनातून आत्मविश्वास वृद्धिंगत होतो', असं सगळं. पण त्या चार पानांत एकाही बाईची गोष्ट नव्हती. एक कर्ज नाही, एक थकलेला हप्ता नाही, एक भांडण नाही.

मी विचारलं, "ताई, हे कुठून घेतलं?"

त्या हळूच म्हणाल्या, "पोरीच्या मोबाईलवर प्रश्न बोलून दाखवला. त्यानं लिहून दिलं. मी दोन रात्री बसून उतरवून काढलं. मला वाटलं, माझ्यापेक्षा त्याचं बरं असंल."

हे शेवटचं वाक्य माझ्या मनाला लागलं. ज्या बाईने बारा वर्षं गटाचं इतिवृत्त लिहिलं, बँकेतून तीनदा परत पाठवल्यावर चौथ्यांदा जाऊन कर्ज मंजूर करून आणलं, तिला बचत गटावर लिहिताना वाटलं की मशीनला आपल्यापेक्षा जास्त कळतं! त्या मशीनने आयुष्यात एक बैठक बघितलेली नाही.

म्हणून या वेळचा आपला अभ्यास चॅटबॉटचा. आपल्यापैकी कुणी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी देतंय, कुणी मुक्त विद्यापीठात आहे, आणि बाकीच्या बहुतेक जणींच्या फोनवर मुलं अभ्यास करतात. तिघींनाही हा विषय लागू आहे.

चॅटबॉट म्हणजे नेमकं काय?

चॅटबॉट म्हणजे आपण लिहून किंवा बोलून प्रश्न विचारायचा आणि समोरून लगेच उत्तर यायचं, असा प्रोग्राम. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला सगळ्यांसाठी खुला झाला, तेव्हापासून हा शब्द घराघरांत आला. गूगलचा जेमिनी आहे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जे निळसर गोल चिन्ह दिसतं, तो मेटा एआय. तुम्ही मुद्दाम डाऊनलोड केला नसला तरी तो तुमच्या फोनमध्ये असू शकतो. मराठीत विचारलं तरी चालतं, आणि माइकचं चिन्ह दाबून बोललं तरी चालतं.

आता हा उत्तर देतो तरी कसा? आपल्याच बैठकीतलं उदाहरण घेऊ. सचिव ताई इतिवृत्त लिहायला बसल्या आणि 'मागील सभेचे इतिवृत्त' एवढं लिहून झालं की पुढचं 'वाचून कायम करण्यात आले' हे त्यांच्या हातून आपोआप लिहिलं जातं. वर्षानुवर्षं लिहून हाताला सवय झालेली असते. त्या दिवशी इतिवृत्त कुणी वाचलंच नसेल, तरी वाक्य मात्र बिनचूक उतरतं. खरं की नाही?

चॅटबॉटचं काम असंच चालतं. इंटरनेटवरचा, पुस्तकांतला प्रचंड मजकूर त्याच्याकडून वाचून घेतलेला असतो. कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द येतो, याची त्याला जबरदस्त सवय झालेली असते. त्या सवयीने तो एकेक शब्द जोडत जातो. म्हणून त्याचं वाक्य नेहमी सफाईदार असतं. पण वाक्य सफाईदार असणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. इतिवृत्त वाचलं होतं की नाही, ते तिथे हजर असलेल्यांनाच माहीत. चॅटबॉट तर कुठेच हजर नसतो.

दुसरी गोष्ट, इंग्रजीतला मजकूर जितका आहे त्याच्या मानाने मराठीतला फार कमी. त्यामुळे मराठीत, आणि त्यातही आपल्या गावा-तालुक्याबद्दल विचारलं, की चूक होण्याची शक्यता वाढते.

तो चुकतो कुठे?

माझ्यावरही ही वेळ आली आहे, तेच आधी सांगते. एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षी संशोधन अहवाल लिहायचा होता. संदर्भ पुस्तकांची यादी करायला वेळ नव्हता. चॅटबॉटला विचारलं, त्याने दहा नावं दिली. लेखक, प्रकाशन, साल, सगळं व्यवस्थित. मी तशीच जोडली. सरांनी यादीतल्या दोन पुस्तकांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही ग्रंथालयातून घेऊन ये." दिवसभर शोधली. ती पुस्तकं जगात कुठेच नव्हती. लेखकाचं नाव खरं होतं, पण त्याने तसं पुस्तक लिहिलेलंच नव्हतं. त्या दिवशी सरांसमोर उभं राहताना जी लाज वाटली, ती अजून आठवते.

मी एकटीच फसले असं नाही. २०२३ साली अमेरिकेत न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल न तपासता कोर्टात सादर केले. ते निकाल कुठल्याच कोर्टाने दिलेले नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला. शिकलेले वकीलसुद्धा फसतात, कारण तो खोटंही तितक्याच ठामपणे सांगतो. त्याचा आवाज कापत नाही, तो अडखळत नाही.

अभ्यासात या जागा खास सांभाळायच्या:

१. तारखा, सालं, आकडे. जन्मसाल, कायद्याचं कलम, योजनेची रक्कम. योजनेचे नियम बदलत असतात आणि त्याच्याकडे जुनी माहिती असू शकते.

२. थोरांच्या नावावरच्या ओळी. ३ जानेवारीच्या भाषणासाठी मुलं 'सावित्रीबाईंची कविता दे' म्हणतात. तो देतो. पण ती ओळ खरंच त्यांची आहे का? सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ चा आहे आणि त्यांचं समग्र वाङ्मय पुस्तकरूपाने उपलब्ध आहे. त्यात सापडली तरच ती त्यांची म्हणायची.

३. पुस्तकांची आणि लेखकांची नावं. वर सांगितलंच.

४. अर्धवट विचारलेला प्रश्न. हे जरा नीट बघू.

समजा विचारलं, '१२,००० रुपये कर्ज, महिना १ टक्का व्याज, १२ हप्ते. एकूण व्याज किती?' तो १,४४० रुपये सांगू शकतो, म्हणजे दर महिन्याला पूर्ण १२,००० वर १२० रुपये, असं बारा महिने. पण आपल्या गटात मुद्दल जसजसं फिटतं तसतसं व्याज कमी होतं. दर महिन्याला १,००० मुद्दल फेडलं तर पहिल्या महिन्यात व्याज १२०, दुसऱ्यात ११०, तिसऱ्यात १००, असं करत शेवटच्या महिन्यात १०. सगळं मिळून ७८०. फरक ६६० रुपयांचा! इथे मशीनचा हिशेब चुकला नाही, आपला प्रश्न अपुरा होता. 'शिल्लक मुद्दलावर व्याज' हे दोन-तीन शब्द आपणच सांगायला हवेत. आणि ते सांगायचे असतात हे कुणाला कळेल? जिने आधी एकदा हाताने हिशेब केलाय तिला.

यातून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. ज्याला विषयाचं थोडं तरी येतं, त्याच्या हाताशी चॅटबॉट कामाचा. ज्याला काहीच येत नाही, त्याला त्याची चूक दिसतच नाही.

मग वापरायचा कसा?

वापरूच नका, असं मी म्हणणार नाही. रात्री भांडी आवरून दहा वाजता पुस्तक उघडणाऱ्या ताईला शंका विचारायला कोण असतं? क्लास लांब, सर फोन उचलत नाहीत, नवऱ्याला विचारावं तर तो हसतो. अशा वेळी न हसता, न चिडता, एकच गोष्ट पाच वेळा समजावणारं कुणी मिळालं तर ते चांगलंच आहे. फक्त त्याला उत्तर लिहायला बसवायचं नाही, समजावायला बसवायचं. पुढचे तीन प्रकार करून बघा.

पहिला प्रकार, समजून घेण्यासाठी. असं विचारा:

'मी दहावीची परीक्षा देतेय. शाळा सोडून पंधरा वर्षं झाली. प्रकाशाचं अपवर्तन म्हणजे काय, ते स्वयंपाकघरातलं उदाहरण देऊन सोप्या मराठीत सांग.'

मग तो पाण्याच्या भांड्यात अर्धवट बुडवलेला चमचा वाकलेला का दिसतो ते सांगेल. लगेच भांडं घ्या, चमचा बुडवा, बघा. आणि मग पाठ्यपुस्तकातली व्याख्या वाचा. आता ती डोक्यात शिरते. परीक्षेत लिहायची ती पुस्तकातलीच.

दुसरा प्रकार, उजळणीसाठी. असं सांगा:

'या धड्यावर मला पाच प्रश्न विचार. एका वेळी एकच विचार. मी उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नकोस आणि उत्तर आधी सांगू नकोस.'

धड्याच्या पानाचा फोटोही पाठवता येतो, म्हणजे तो त्या धड्याला धरून राहतो. भाकरी थापता थापता माइकवर उत्तरं देता येतात. एका ताईने अशी अख्ख्या इतिहासाची उजळणी चुलीपुढे केली.

तिसरा प्रकार, आपलं लिहिलेलं तपासून घेण्यासाठी. आधी आपण वहीत लिहायचं, वाकडंतिकडं का होईना. मग त्याला सांगायचं:

'हे मी लिहिलेलं उत्तर आहे. तू नवीन उत्तर लिहू नकोस. कुठला मुद्दा सुटला आणि कुठलं वाक्य कळत नाही, तेवढंच सांग.'

'नवीन लिहू नकोस' हे सांगायला विसरायचं नाही. नाहीतर तो मदतीच्या भरात सगळंच लिहून टाकतो आणि आपण मोहात पडतो.

त्याने सांगितलेलं खरं की खोटं हे कुठे तपासायचं? शाळेच्या विषयांसाठी बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. इतर माहितीसाठी मराठी विश्वकोश मोबाईलवर मोफत वाचता येतो. मुक्त विद्यापीठाच्या ताईंकडे विद्यापीठाचं स्वयं-अध्ययनाचं पुस्तक असतंच. योजनेची माहिती ग्रामपंचायतीत, बँकेत किंवा आपल्या प्रेरिका ताईंकडे. काही चॅटबॉट उत्तराखाली लिंक देतात. लिंक दिली म्हणजे खरंच, असं धरू नका. उघडा आणि तिथे तेच लिहिलंय का ते वाचा.

त्या ताईंचं पुढे काय झालं?

त्या दिवशी आम्ही दोघी तिथेच सतरंजीवर बसलो. मी म्हटलं, "ताई, मोबाईल ठेवा. मला सांगा, तुमच्या गटात पहिलं कर्ज कुणी घेतलं?" त्या म्हणाल्या, "पहिलं कर्ज दोन हजाराचं. दवाखान्यासाठी. सावकाराकडं जाणार होती ती, आम्ही अडवली." मग हप्ता थकला तेव्हा काय झालं, दोन बायका बैठकीला यायच्या बंद कशा झाल्या, त्यांना परत कसं आणलं, शेळीच्या कर्जातली शेळी मेली तेव्हा गटाने काय ठराव केला, हे सगळं निघालं. अर्धा तास त्या थांबल्याच नाहीत.

मी म्हटलं, "हेच लिहा. हेच उत्तर आहे."

"हे? हे काय अभ्यासाचं असतंय का?"

ताईंनो, हेच अभ्यासाचं असतं. पुस्तकात 'सामूहिक जबाबदारी' असा शब्द येतो, त्याचा अर्थ म्हणजे थकलेला हप्ता वसूल करायला चार जणींनी मिळून एकीच्या घरी जाणं. शब्द पुस्तकाचा, अर्थ तुमचा. दोन्ही जोडले की उत्तर होतं.

त्यांनी आठ दिवस घेतले. पुस्तकातले मुद्दे एका बाजूला काढले, प्रत्येक मुद्द्यासमोर गटातला एक प्रसंग लिहिला. पूर्ण झाल्यावर तिसऱ्या प्रकाराने चॅटबॉटला दाखवलं. त्याने एक कामाची गोष्ट विचारली: गटामुळे घरातल्या निर्णयात काही बदल झाला का, ते उत्तरात नाही. ताई विचारात पडल्या. मग त्यांनी लिहिलं की घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर आपलं नाव लावून घेतलं, आणि ते मागायची हिंमत गटातल्या बायकांनी दिली. या वेळी उत्तर अडीच पानांचंच झालं. दोन-चार ठिकाणी शुद्धलेखन चुकलेलं होतं. पण केंद्रावरच्या मॅडमनी समोर बसवून तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींना ताईंनी वही न बघता उत्तरं दिली.

मशीनने लिहिलेल्या उत्तरावर एक प्रश्न विचारला असता तरी त्यांना सांगता आलं नसतं. 'वृद्धिंगत' म्हणजे काय, हे त्यांनी मला त्या दिवशीच विचारलं होतं.

दुसऱ्याचं आपल्या नावावर का नको?

कुणी म्हणेल, "मॅडम, पास झाल्याशी मतलब. सगळेच करतात."

आपला गट सुरू झाला तेव्हाचं आठवा. कितीतरी जणी अंगठा उठवायच्या. आधी सही शिकलो. का शिकलो? कागदावर काय लिहिलंय ते कळल्याशिवाय त्यावर आपली खूण करायची नाही, म्हणून. अंगठ्याच्या जोरावर कितीकांच्या जमिनी गेल्या, हे आपल्या सासवा-आज्यांनी बघितलंय. न समजलेलं चार पानांचं उत्तर उतरवून खाली आपली सही करणं म्हणजे पुन्हा अंगठा उठवणंच झालं.

आणि व्यवहाराचंही बघा. ज्या गटाचा हिशेब बाहेरचा कुणी लिहितो, त्या गटाचं ऑडिट आलं की काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे. वही सुंदर असते, पण शिल्लक किती हे अध्यक्षांना सांगता येत नाही. परीक्षेचंही तसंच. गृहपाठ घरी होतो, पण परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाईल चालत नाही. नोकरीच्या मुलाखतीत चालत नाही. तिथे आपल्याजवळ जे आहे तेवढंच.

ज्यांच्या मुली पुढे एम.ए., एम.एस.डब्ल्यू. किंवा पीएच.डी. करतायत त्यांनी हेही सांगून ठेवा. प्रबंधातल्या वाङ्मयचोरीसाठी यूजीसीचे २०१८ पासून नियम आहेत. ६० टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर दुसरीकडचा निघाला तर नोंदणीच रद्द होते.

मदत घेतली तर लपवू नका. आधी शिक्षकांना किंवा अभ्यास केंद्रावर विचारा की चॅटबॉटची मदत चालते का, कितपत चालते. चालत असेल तर शेवटी एक ओळ लिहा: 'मुद्दे समजून घेण्यासाठी चॅटबॉटची मदत घेतली. लेखन माझे आहे.' गटात आपण एका रुपयाचीही नोंद लपवत नाही, तसंच हे.

मुलांच्या हातातला फोन

"मॅडम, आम्ही तर चौथी शिकलेल्या. पोरगं काय करतंय ते आम्हाला काय कळणार?" हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. त्यावर एक उपाय आहे आणि त्याला शिक्षण लागत नाही. मुलाने 'प्रोजेक्ट झाला' म्हटलं की त्याला जवळ बसवा. फोन आणि वही बाजूला ठेवायला लावा आणि म्हणा, "आता मला तोंडी सांग, यात काय लिहिलंय." स्वतः समजून लिहिलं असेल तर ते आपल्या शब्दांत सांगेल. उतरवलं असेल तर दुसऱ्याच वाक्याला अडखळेल. मग रागावू नका. "परत वाच आणि उद्या सांग," एवढंच म्हणा. आईला सांगायचंय म्हटल्यावर मुलं समजून घेतात.

वयाचंही लक्षात ठेवा. चॅटजीपीटीच्याच नियमाप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलांनी तो वापरायचा नाही, आणि १८ पर्यंत आई-वडिलांची परवानगी हवी. शाळेत वापरासाठी किमान वय १३ असावं, असं युनेस्कोनेही २०२३ मध्ये सुचवलं आहे. लहान मुलांनी पाढे, वाचन, निबंध हे स्वतःच करायचं वय असतं. चालायला शिकण्याआधी पाळणागाडीतच बसवलं तर पाय तयार कसे होणार?

आणि एक मनापासून सांगायचंय. हा लेख वाचून कुणी मुलीच्या हातातला फोन काढून घेऊ नका. 'मोबाईलनं पोरं बिघडली' म्हटलं की आधी फोन मुलीचा जातो, मुलाचा राहतो. हे मी गावोगाव बघते. नियम करायचा तर दोघांनाही एकच करा. अभ्यासाला फोन दोघांनाही, आणि तोंडी परीक्षा दोघांचीही.

हे त्याला कधीच सांगू नका

चॅटबॉटशी बोलणं घरातल्या माणसाशी बोलल्यासारखं वाटतं, पण आपण लिहिलेलं कंपनीकडे जातं. म्हणून आधार नंबर, बँक पासबुकाचा फोटो, एटीएमचा पिन, ओटीपी यातलं काहीही द्यायचं नाही. गटाच्या कर्जवहीचा फोटो, कुणाची थकबाकी किती, कुणाच्या घरातलं भांडण, हेही नाही. अभ्यासासाठी गटाचं उदाहरण द्यायचं असेल तर नावाऐवजी 'एक सदस्य' म्हणा. आणि 'एआयने अभ्यास, फक्त ४९९ रुपये' असली लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर दाबू नका. वर सांगितलेल्या तिन्ही प्रकारांसाठी मोफतचा चॅटबॉट पुरतो.

अभ्यासाची पंचसूत्री

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. तशी ही अभ्यासाची. कापून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

१. आधी स्वतः विचार, मग मशीनला प्रश्न.
२. समजून त्याच्याकडून घ्यायचं, लिहायचं आपणच.
३. तारीख, आकडा, नाव आणि कवितेची ओळ पुस्तकात तपासल्याशिवाय लिहायची नाही.
४. आपली आणि गटातल्या कुणाचीही खाजगी माहिती द्यायची नाही.
५. मदत घेतली तर सांगायची. तोंडी सांगता येत नाही ते आपल्या नावावर द्यायचं नाही.

पुढच्या बैठकीत करून बघा (२० मिनिटं)

गटातला एक स्मार्टफोन मध्ये ठेवा. माइकवरून चॅटबॉटला तीन प्रश्न विचारा आणि उत्तर मोठ्याने वाचा किंवा ऐकवा.

पहिला: 'सावित्रीबाई फुले यांचा जन्म कधी आणि कुठे झाला?' बरोबर उत्तर आहे ३ जानेवारी १८३१, सातारा जिल्ह्यातलं नायगाव. हे बहुधा बरोबर येईल, कारण यावर पुष्कळ लिहिलेलं आहे.

दुसरा: 'आमच्या गावाच्या ग्रामदैवताची यात्रा कधी असते आणि त्यामागची कथा काय?' गावाचं, तालुक्याचं नाव सांगून विचारा. मग गटातल्या सगळ्यात वयस्कर आजींना विचारा, यातलं खरं किती.

तिसरा: 'आमच्या गटाने आतापर्यंत केलेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं?' गटाचं फक्त नाव सांगा, बाकी काही नाही. बघा तो काय सांगतो.

तिन्ही उत्तरांसमोर खरं, खोटं, अर्धवट असं वहीत लिहा. तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर काय, ते मग तुम्ही सगळ्या जणी मिळून सांगा आणि सचिव ताईंनी ते पाच ओळींत लिहून आपल्या प्रेरिका ताईंकडे द्या. पुढच्या अंकात आपण ती उत्तरं छापू. शुद्धलेखन मी बघते, पण शब्द मात्र तुमचेच राहतील.

तुमची,
क्षेत्र समन्वयक